गाडी का थरथरते? : अंदाज आणि निदान यांतील फरक



शाळेची जुनी पिकअप आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. दर पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी इंदूरहून जानापावच्या पायथ्याशी रोपे, कुदळी आणि पाण्याची पिंपे तीच नेते. माळव्याच्या काळ्या मातीत साधी गाडी रुतून बसते, ही मात्र फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने चारही चाकांचा जोर लावून बाहेर निघते. गेल्या वर्षी ही गाडी ताशी 50 किलोमीटरच्या पुढे थरथरू लागली. तो दोष कसा शोधला, हा आजचा पाठ आहे. त्यात आमची एक चूकही आहे आणि ती आपल्यापुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आधी चूक

थरथर सुरू झाली तेव्हा कोणीतरी म्हणाले, "टायर जुने झाले." आम्हाला ते पटले. पालकांच्या निधीतून चार नवे टायर आले, चाकांचे बॅलन्सिंग झाले. थरथर तशीच राहिली. मग अलाइनमेंट झाले, तरीही फरक नाही. शेवटी गाडी विकून टाकावी असा विषय विश्वस्तांच्या बैठकीपुढे आला. आमचे ड्रायव्हर काका मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते, "सर, ये पहिये का नहीं है, नीचे से आता है." आम्ही ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. वीस वर्षे त्या आसनावर बसलेल्या माणसाचे निरीक्षण आम्ही एका अंदाजापुढे बाजूला सारले.

विक्रीचा निर्णय होण्यापूर्वी अकरावीच्या विज्ञान वर्गाला आम्ही हा प्रश्न प्रकल्प म्हणून दिला. अट एकच होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे.

फिरणारी प्रत्येक वस्तू आपली ओळख सांगते

गाडीत तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या गतींनी फिरतात. इंजिन स्वतःच्या गतीने, चाके रस्त्यावरील वेगाने आणि गिअरबॉक्सकडून धुऱ्याकडे शक्ती नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, चाकांच्या काही पट गतीने. एका सेकंदात किती कंपने होतात हे कळले, तर कंपन कोणाचे आहे तेही कळते. या संख्येला मराठीत वारंवारता म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे आम्ही 'आवृत्ति' शिकलो. मराठीत आवृत्ती पुस्तकाची असते, हे आम्हाला इथे शिकवायला लागल्यावर समजले!

मुलांनी चाकाचा परीघ मोजला, तो 2.2 मीटर भरला. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट मैदानावर सरळ ढकलली आणि खडूच्या खुणेवरून बाजूने पाहत फेरे मोजले. चाकाच्या एका फेऱ्यात मागच्या शाफ्टचे सुमारे चार फेरे होतात. आता गणित करा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. त्याला 2.2 ने भागले की चाकाचे सेकंदाला सुमारे 7.6 फेरे येतात. शाफ्टचे त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे 30.

चाचण्यांचा क्रम

1. धुलाई. रिमच्या आत किंवा शाफ्टवर वाळलेली काळी माती चिकटली तरी तोल जातो. पहिला उपाय म्हणून गाडी खालून स्वच्छ धुतली. थरथर गेली नाही.

2. उभ्या गाडीत इंजिनाची गती वाढवणे. थरथर उभ्या गाडीतही आली असती, तर दोष इंजिनात किंवा त्याच्या रबरी माउंटिंगमध्ये शोधावा लागला असता. ती आली नाही.

3. त्याच वेगाला वेगळा गिअर. गिअर बदलला की रस्त्यावरचा वेग तोच राहूनही इंजिनाची गती बदलते. थरथर मात्र 50 च्या पुढेच येत राहिली. म्हणजे ती इंजिनाच्या मागे नव्हे, गाडीच्या वेगाच्या मागे चालत होती.

4. मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल. इंजिन चालूच ठेवायचे. बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत जाते. न्यूट्रलमध्ये थरथर थांबली, तर ती भार आल्यावरच येणारी आहे असे समजावे. आपली थांबली नाही.

5. पुढील हब मोकळे करणे. जुन्या फोर-व्हील गाड्यांतील ही मोठी सोय आहे. साध्या टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची हब मोकळी केली की पुढचा शाफ्ट जवळजवळ थांबून राहतो. थरथर तेव्हा नाहीशी झाली, तर दोष पुढच्या शाफ्टच्या बाजूला. आपल्या गाडीत काहीच फरक पडला नाही. पुढची बाजू निर्दोष ठरली.

या सर्व चाचण्या टू-व्हील ड्राइव्हमध्येच केल्या. अशा गाडीत फोर-व्हील लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीला बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात; कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे होत नाही आणि सगळी यंत्रणा पिळली जाते. ते झटके म्हणजे बिघाड नव्हे, चुकीचा वापर होय.

साठ वेगाला साठ कंपने

आता दोनच संशयित उरले: चाके आणि मागचा शाफ्ट. एका विद्यार्थिनीने सुचवले की मोबाइलमधील त्वरणमापकाने कंपने मोजता येतील. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी असे मोफत अ‍ॅप मिळते. मोबाइल आसनाखालच्या पत्र्याला घट्ट बांधला. गाडी ड्रायव्हर काकांनी चालवली, शेजारी आमचे शिक्षक होते. मुले मैदानावर थांबली. ताशी 50 ला सेकंदाला सुमारे 50 कंपने दिसली, 60 ला सुमारे 60.

चाकाच्या असंतुलनाची 7 किंवा 8 दिसली असती. शाफ्टच्या असंतुलनाची 30. मग ही 60 कोठून आली? शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन कंपने कशाने होतात?

उत्तर शाफ्टच्या टोकांवरील सांध्यांत आहे. मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात तो हुकचा सांधा. दोन दांडे एका रेषेत नसले तरी तो फेरा पुढे पोचवतो, पण एकसारखा पोचवत नाही. येणारी गती स्थिर असली तरी जाणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. सांध्याचा कोन 10 अंश असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का वर व तितकाच खाली असतो. 20 अंश असेल तर सुमारे 6 टक्के. म्हणून शाफ्टला दोन सांधे देतात. पहिल्याने केलेली गडबड दुसरा तितकीच उलट करून मिटवतो. मात्र त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरील दोन्ही दुबेळकी टोके एकाच पातळीत हवीत.

मुलांनी मिस्त्रींना हे सांगितले. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून उभी केली आणि मिस्त्रींनी शाफ्ट पुसून पाहिला. शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन बाण कोरलेले असतात; ते समोरासमोर यायला हवेत. आपल्या शाफ्टवर ते नव्हते. पूर्वी एकदा क्रॉस बदलताना जोड परत बसवताना दाते चुकले होते. वर माती बसल्याने ते कोणाला दिसले नाही.

शाफ्ट उतरवून बाण जुळवून बसवला. क्रॉसमध्ये खेळ नव्हता, टोप्यांभोवती लाल भुकटीही नव्हती. म्हणून तो बदलावा लागला नाही. फक्त मजुरी लागली. थरथर गेली. ड्रायव्हर काकांनी गाडी थांबवून एवढेच म्हटले, "अब बराबर है, सर."

हे वेळीच झाले. असा शाफ्ट बरेच दिवस चालवला तर क्रॉस आणि बेअरिंग झिजतात. क्रॉस तुटून शाफ्टचे पुढचे टोक चालत्या गाडीखाली पडले, तर ते रस्त्यात रुतून गाडी उलटूही शकते.

आम्ही काय शिकलो

अंदाजाने टायर बदलले, निदानाने बाण जुळवला. पहिल्याला पालकांचा पैसा लागला, दुसऱ्याला वही आणि धीर. टायरच्या खर्चाचा हिशेब आम्ही विश्वस्तांपुढे ठेवला आहे आणि ड्रायव्हर काकांची क्षमा वर्गासमोर मागितली आहे. यापुढे कोणत्याही दुरुस्तीच्या प्रस्तावासोबत 'काय तपासले' याची यादी जोडावी, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे.

स्वाध्याय

1. परीघ 2 मीटर आणि शाफ्टचे फेरे चाकाच्या 4.5 पट असल्यास ताशी 72 किलोमीटर वेगाला चाक, शाफ्ट आणि हुकचा सांधा यांची वारंवारता काढा.
2. थरथर फक्त हब लावल्यावरच येत असेल, तर कोणते भाग तपासाल?
3. घरातील एखादी आवाज करणारी वस्तू निवडा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाच निरीक्षणे लिहा. ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाला आधी विचारा आणि त्यांचे म्हणणे पहिल्या ओळीत नोंदवा. विजेच्या वस्तूला मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका.

आपला,
प्राचार्य