महाधमनी-विदारण : मृत्यूचा धोका दर्शविणारी लक्षणे व वैद्याचे कर्तव्य

हृदय हे सद्यःप्राणहर मर्म होय, हे आपण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अभ्यासलेले आहे. चरकांनी सूत्रस्थानातील अर्थेदशमहामूलीय अध्यायात हृदयाशी निगडित असलेल्या दहा धमन्यांचे वर्णन केले आहे. आधुनिक शारीरानुसार हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीचे थर एकाएकी फाटून विलग होणे, म्हणजेच 'एऑर्टिक डिसेक्शन', हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा व्याधी विरळ आहे. परंतु छातीत वा पाठीत अकस्मात कळ आलेला रुग्ण पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडेच येतो. 'वात धरला', 'गॅस झाला' असे तो स्वतःच सांगतो. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत आपण काय पाहतो व काय करतो, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. म्हणून कोणत्या रुग्णात मृत्यूचा धोका अधिक असतो, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

विकृतीचे स्वरूप

महाधमनीच्या भिंतीस आतील, मधला व बाहेरील असे तीन थर असतात. आतील थरास चीर पडली की रक्त वेगाने मधल्या थरात शिरते, थर विलग करीत पुढे सरकते आणि मूळ मार्गाशेजारी एक खोटा मार्ग निर्माण करते. बाहेरील थर फुटल्यास रक्तस्राव होऊन तत्काळ मृत्यू येतो. रक्त हृदयावरणात साचल्यास हृदय बाहेरून दाबले जाते. फाट धमनीच्या शाखांपर्यंत पोहोचल्यास मेंदू, वृक्क, आतडी वा हातपाय यांचा रक्तपुरवठा खंडित होतो.

हृदयालगतच्या आरोही भागात विदारण असल्यास त्यास 'अ' प्रकार व केवळ पुढील अवरोही भागात असल्यास 'ब' प्रकार म्हणतात. हे वर्गीकरण १९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील शल्यविदांनी मांडले. 'अ' प्रकारात तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय होय. उपद्रवरहित 'ब' प्रकारात रक्तदाब व हृदयगती नियंत्रित ठेवून औषधोपचार केले जातात.

हेतूंमध्ये दीर्घकालीन व अनियंत्रित उच्च रक्तदाब हा अग्रगण्य आहे. धूम्रपान, महाधमनीचा पूर्वीपासूनचा फुगवटा, मार्फान सिंड्रोमसारखे संयोजी ऊतींचे सहज विकार, महाधमनीच्या झडपेस जन्मतः दोनच दले असणे आणि कुटुंबातील पूर्ववृत्त हेही महत्त्वाचे आहेत.

मृत्यूचे प्रमाण

या विकाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ साली सुरू झाली. 'आयराड' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिचा पहिला मोठा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातील ४६४ रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. 'अ' प्रकारात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २६ टक्के, तर शस्त्रक्रिया न झालेल्यांत ५८ टक्के होते. औषधोपचारावर ठेवलेल्या 'ब' प्रकारात ते सुमारे ११ टक्के होते.

पूर्वीच्या ग्रंथांतून 'अ' प्रकारात पहिल्या ४८ तासांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात असे सांगितले जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या याच नोंदवहीच्या विश्लेषणात, शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या रुग्णांत हे प्रमाण दर तासाला सुमारे अर्धा टक्का आढळले. शस्त्रक्रिया झालेल्यांत पहिल्या ४८ तासांतील एकूण मृत्यू सुमारे ४.४ टक्के, तर न झालेल्यांत सुमारे २३.७ टक्के होते. वय अतिशय झालेल्या वा अगोदरच मरणासन्न असलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया टाळली जाते, हे या तुलनेत ध्यानी घ्यावे. तरीही काळ हा येथे प्रमुख शत्रू आहे, हे निर्विवाद.

धोका वाढविणारी लक्षणे

'अ' प्रकारातील मृत्यूचा संभव सांगणारी सहा लक्षणे याच नोंदवहीच्या आधारे २००२ साली मांडली गेली. ती अशी :

१. वय ७० वर्षे वा त्याहून अधिक.
२. अकस्मात, पहिल्या क्षणीच तीव्रतम असलेली छातीतील वेदना.
३. रक्तदाब खालावणे, शॉक किंवा हृदयावरणात रक्त साचून हृदय दाबले जाणे.
४. प्रथम तपासणीच्या वेळीच वृक्क निकामी झालेले असणे.
५. एखाद्या हाताची वा पायाची नाडी मंद वा लुप्त असणे.
६. ई.सी.जी.मध्ये विकृती.

यांत मूर्च्छा, पक्षाघात व उदरशूल यांची भर घालावी. आतड्यांचा रक्तपुरवठा खंडित झालेल्या 'अ' प्रकारच्या रुग्णांत रुग्णालयीन मृत्यूचे प्रमाण सुमारे ६३ टक्के आढळले आहे, तर तसे नसलेल्यांत सुमारे २४ टक्के. 'ब' प्रकारात रक्तदाब खालावणे, शाखांचा रक्तपुरवठा खंडित होणे आणि छातीत वा पाठीत वेदना नसणे ही तीन लक्षणे घातक मानली जातात. वेदनेचा अभाव हे शुभचिन्ह नव्हे. वेदना नसल्याने निदान लांबते व उपचाराची वेळ निघून जाते.

नाडीपरीक्षेविषयी विशेष

वरील सहांपैकी पाचव्या लक्षणाकडे आम्ही वैद्यवर्गाचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. पुरुषाची उजव्या व स्त्रीची डाव्या हाताची नाडी पाहण्याचा आपला प्रघात आहे. दोषगतीच्या ज्ञानासाठी तो योग्यच होय. तथापि या व्याधीत एका मनगटाची नाडी उत्तम आणि दुसऱ्याची क्षीण असू शकते. एकच हात पाहणाऱ्या वैद्यास ती उणीव कळणारच नाही. नाडी लुप्त झालेल्या स्थानांची संख्या जितकी अधिक, तितका मृत्यूचा धोका अधिक, असेही अभ्यासांतून दिसले आहे.

म्हणून छाती, पाठ वा पोटात अकस्मात तीव्र वेदना असलेल्या प्रत्येक रुग्णाची दोन्ही मनगटांची व दोन्ही जांघांतील नाडी पाहावी. रक्तदाब दोन्ही बाहूंवर मोजावा. वरच्या अंकात २० मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास विदारणाचा संशय घ्यावा. मात्र नाड्या समान असल्या म्हणून विदारण नाही, असे समजू नये. २००० सालच्या अहवालात नाडीतील उणीव केवळ सुमारे १५ टक्के रुग्णांत होती आणि सुमारे ३१ टक्क्यांचा ई.सी.जी. प्राकृत होता. निश्चित निदान सी.टी. अँजिओग्राफीनेच करावे लागते.

काय करू नये

संशय असताना अभ्यंग, स्वेदन, मर्दन, बस्ती वा वमन यांपैकी काहीही करू नये. 'चूर्ण देऊन तासभर वाट पाहू' ही भूमिका प्राणघातक ठरू शकते. हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिल्यास घोर रक्तस्राव संभवतो. रक्त पातळ करणारी औषधेही निदान निश्चित होईपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नयेत.

सर्पगंधेविषयी दोन शब्द. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगावर १९४९ साली लिहिलेला निबंध जगभर गाजला. पुढे १९६५ साली अमेरिकेत मायरन व्हीट व सहकाऱ्यांनी महाधमनी-विदारणावर शस्त्रक्रियेविना उपचार मांडले, तेव्हा त्यांच्या औषधांत सर्पगंधेतून मिळणारे रिसर्पिन होते. ही आपल्याला अभिमानाची गोष्ट खरी. परंतु ते उपचार रुग्णालयात, सतत देखरेखीखाली झाले होते. पोटातून दिलेल्या सर्पगंधावटीचा परिणाम मंदगतीने होतो. तातडीच्या प्रसंगी ती उपयोगाची नाही. आज रुग्णालयात शिरेवाटे बीटा-ब्लॉकर देऊन हृदयगती मिनिटाला ६० च्या आत व वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान आणला जातो.

औषधालय चालकांसाठी

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने चालू गोळ्या परस्पर बंद केल्याचे समजल्यास त्यास वैद्यांकडे पाठवावे. सोमकल्पात एफेड्रिन असल्याने रक्तदाब वाढतो. यष्टीमधूचे अधिक मात्रेत दीर्घकाळ सेवनही रक्तदाब वाढविते. ही द्रव्ये असलेले कल्प अशा रुग्णास विचारपूस केल्याविना देऊ नयेत. जेथे आधुनिक औषधेही विकली जातात, तेथे फ्लुरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके चिठ्ठीविना देऊ नयेत. महाधमनीचा फुगवटा असलेल्या वा तसा धोका असलेल्या रुग्णांत या औषधांमुळे विदारण संभवते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे.

उपसंहार

चरकांनी व्याधींचे साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगून, उपचारापूर्वी साध्यासाध्यतेचा विचार करण्यास सांगितले. गुल्मचिकित्सेत पाक झालेला गुल्म त्यांनी धान्वंतर संप्रदायाच्या शल्यविदांकडे सोपविला. आपल्या मर्यादेबाहेरचा रुग्ण योग्य हाती देणे हा शास्त्राचाच आदेश होय. महाधमनी-विदारण औषधी द्रव्यांनी सांधले जात नाही. पण ते ओळखणारा पहिला हात वैद्याचा असू शकतो. संशय येताच रुग्णास आडवे झोपवावे, चालवू नये. दोन्ही बाहूंचे रक्तदाब, नाडीतील फरक व वेदना सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सी.टी. व हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयास आधी दूरध्वनीने कळवावे. आपल्या परिसरात असे रुग्णालय कोठे आहे व तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो, ही माहिती प्रत्येक चिकित्सालयात आजच लिहून ठेवावी, अशी वैद्यबंधू-भगिनींना आमची आग्रहाची विनंती आहे.