काल्याची पंगत

काल्याचे कीर्तन आपण सर्वांनी ऐकले आहे. माझ्यासारख्यांनी ते जन्मभर केलेही आहे. सप्ताहाची सांगता होते, हंडी फुटते, दहीलाह्या तोंडात पडतात आणि मंडळी घरोघर जातात. परंतु काला म्हणजे काय हे पाहायचे असेल तर श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील तेरावा अध्याय उघडावा. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ जेवायला बसले आहेत. भगवान मध्यभागी, आणि भोवती मुलांची कडी. कमळाच्या गाभ्याभोवती पाकळ्या असाव्यात अशी त्या पंगतीला व्यासांनी उपमा दिली आहे. ताटवाटी कोठली? कोणी पानावर घेतले आहे, कोणी झाडाच्या सालीवर, कोणी चक्क दगडावर. आणि प्रत्येक जण आपल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवतो आहे, हसतो आहे, हसवतो आहे. यज्ञातला हविर्भाग घेणारा तो परमात्मा तेथे गुराख्यांच्या पोरांत बसून जेवतो. पुढे ब्रह्मदेव वासरे पळवतो ती कथा निराळी. ती आज नको.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अन्नदानात एक देणारा असतो, एक घेणारा असतो. काल्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगता येत नाही, कारण प्रत्येकाची शिदोरी मधे आलेली असते. अन्नदान थोर आहे, याविषयी वाद नाही. वसतीला आलेल्या कोणालाही माघारी लावू नये असे तैत्तिरीय उपनिषदाने व्रतच घालून दिले आहे, आणि देताना मनात लाज असावी असेही तेच उपनिषद सांगते. देणाऱ्याने लाजावे! आपल्याकडे मात्र घेणाऱ्याने लाजावे अशी व्यवस्था असते. लग्नातले उरलेसुरले अन्न रात्री बारा वाजता टेम्पोत घालून पुलाखाली निजलेल्यांच्या पुढ्यात ठेवायचे, वर त्यांची छायाचित्रे काढायची. याला मी अन्नदान म्हणत नाही. ती आपली भांडी रिकामी करण्याची सोय झाली.

वारीत आपण काय करतो? समोरचा कोण, कुठला, हे न विचारता त्याच्या पायांवर डोके ठेवतो, तोही आपल्या पायांवर ठेवतो. त्याला माउली म्हणतो. मग गावी परतताना रेल्वेच्या फलाटावर एक म्हातारा गाठोडे उशाला घेऊन पडलेला असतो, त्याला काय म्हणतो? "ए, सरक तिकडे." वीस दिवस जे तोंड माउली म्हणत होते, तेच हे तोंड.

असे उघड्यावर राहणारे लोक थोडेथोडके नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभर १७ लाखांहून अधिक बेघर माणसे मोजली गेली, आणि ज्याला दारच नाही त्याची मोजणी करणे किती कठीण, हे मोजणाऱ्यांनाच ठाऊक. शहरात दर लाख वस्तीमागे किमान १०० जणांची सोय होईल असे निवारे असावेत, असे २०१३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी नागरी उपजीविका अभियानात ठरले. निवारे झाले, अजून पुष्कळ हवेत. परंतु छप्पर सरकार देईल, "जेवलात का?" हे विचारणारा माणूस सरकारने कोठून आणावा?

गाडगेमहाराजांनी हे दोन्ही केले. बेघराला आसरा द्यावा, भुकेल्याला अन्न द्यावे, हे त्यांनी कीर्तनातून सांगितले आणि पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. ज्यांना इतरत्र उतरू देत नसत त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या हाती सोपवली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. लाखोंच्या इमारती उठवणाऱ्या या माणसाच्या अंगावर शेवटपर्यंत चिंध्याच होत्या. चिंध्या पांघरलेल्याशी बोलताना त्यांना खाली वाकावे लागत नव्हते, एवढेच त्यातले मर्म.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. आमचे पाचसहा टाळकरी गेली काही वर्षे द्वादशीचे पारणे घरी सोडत नाहीत. पारण्याला अतिथी असावा ही जुनी चाल आहेच. घरून भाकरी, पिठले, भात घ्यायचा आणि स्टेशनाबाहेरच्या वडाखाली जे असतील त्यांच्यासह गोल करून बसायचे. वाढून उभे राहायचे नाही, बसून जेवायचे. प्रथम कोणी जवळ येईना. "कसली निवडणूक आहे?" असे एका बाईंनी विचारले, आणि त्यांचे तरी काय चुकले?

तेथे एक आजोबा होते. तीन द्वादश्या ते दूरच बसले. चौथ्या खेपेला स्टेशनच्या नळावरून पाण्याची कॅन भरून घेऊन आले, मधोमध ठेवली, आणि मगच पंगतीत बसले. त्यांची शिदोरी ती. पुढे पाणी आणण्याचे काम त्यांचेच झाले. दुसऱ्या कोणी कॅनला हात लावला तर रागवायचे. लहानपणी बापाबरोबर आळंदीची वारी केली होती, चाली पाठ होत्या. आमच्या विणेकऱ्याला एक जुनी चाल त्यांनीच शिकवली.

सुदाम्याच्या कथेतही हेच आहे. (मूळ भागवतात त्याचे नावच नाही, फाटक्या वस्त्रांचा म्हणून कुचैल एवढेच म्हटले आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला आपणही वस्त्रांवरूनच ओळखतो.) भगवंतांनी त्याचे पाय धुतले, त्याला पलंगावर बसवले, जेऊ घातले, सांदीपनींच्या आश्रमातल्या आठवणी काढल्या. आणि एवढे झाल्यावर मागितले काय? "माझ्यासाठी काय आणलेस?" द्वारकेच्या राजाला पोहे मिळत नव्हते की काय! अहो, मित्राकडून काही घेतल्यावाचून मैत्री पुरी होत नाही, म्हणून मागितले. तो पोह्यांची पुरचुंडी लपवीत होता, ती देवाने ओढून काढली.

ज्यांना हे करावेसे वाटेल त्यांनी थोडक्यांपासून करावे. शंभर पानांचा घाट नको, दहा माणसे पुरेत. परंतु वार किंवा तिथी चुकवू नये, कारण ते वाट पाहतात. नाव विचारावे आणि पुढच्या खेपेला ते नाव घेऊनच हाक मारावी. घर का सोडलेस, हे विचारू नये. सांगायचे असेल तर पाचसहा महिन्यांनी तोच सांगेल. कोणी भ्रमिष्टासारखे बोलत असेल तर भिऊन उठू नये, हसूही नये. माळ घाल, हे सोड, ते सोड, असला उपदेश तेथे करू नये. कीर्तनाला देवळे पुष्कळ आहेत. अन्न मऊ असावे, पुष्कळांना दात नसतात. भाकरी असेल तर सोबत आमटी हवीच.

गेल्या माघातल्या द्वादशीला कॅन आली नाही. पंगत बसली, आणि पाणी नाही हे पहिल्या घासालाच कळले. "आजोबा कुठे आहेत?" म्हणून पंगतीतलेच दोघे उठले. बूट पॉलिश करणारा एक मुलगा त्यांत होता. दुपारपर्यंत त्यांनी सरकारी दवाखान्यात आजोबांना शोधून काढले. पाय सुजला होता, कागदावर नावाच्या जागी "अनोळखी इसम" असे लिहिले होते. त्या मुलाने परिचारिकेला नाव सांगितले, गाव सांगितले, आणि ते खोडून लिहवून घेतले. आता ते काठी टेकत येतात. कॅन तो मुलगा उचलतो, परंतु नळ आजोबाच सोडतात.