पाटी, पुस्तक अन् पाना

बाबू, पद्मिनी तुझ्या नावावर करून देतो, पण रंगवाल्याकडे न्यायच्या आधी डिकी उघडजो. स्टेपनीखाली कॅनव्हासची थैली आहे. जॅकचा दांडा, प्लग पाना, हब कॅप काढायची पट्टी. पाना हातात घेऊन पाह्यजो, मुठीकडची कड घासून घासून कशी गुळगुळीत झाली ते. गाडी कोणीही रंगवून देते, ही थैली एकदा भंगारात गेली की गेली. त्यातला एकही पाना ट्रॅक्टरच्या पेटीत जाऊ देऊ नोको.

मग कागद. आरसी बुक, टॅक्सचं टोकन, सर्व्हिस बुक, जुन्या पॉलिसी. हौसेनं लॅमिनेशन करू नोको; वऱ्हाडच्या उन्हाळ्यात शाई प्लास्टिकले धरते अन् मग कागद सुटा करता येत नाही. सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवजो, वर कडुनिंबाचा पाला. डबा फळीवर, जमिनीवर नाही. आपल्याकडे वाळवी कागद पहिले खाते. दसऱ्याले गाडी पुजतेस, तेव्हा डबाही उघडून पाह्यजो.

या कागदांचा नुसता आठवणीपुरता उपयोग नाही. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी काढली. आपली पंच्याहत्तरची, म्हणजे बसते. आधीची नोंदणी असली तर जुना नंबर कायम राहते. नव्यानं नोंदवणाऱ्यांले ‘व्हीए’ची पाटी. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, अन् रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. मी तं म्हणतो साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहजो. हरित कर लागते, लागू दे. उभी राहिलेली गाडी लवकर मरते.

मेकॅनिक म्हणेल, स्टिअरिंगजवळचा गिअर खाली घेऊन देतो, मारुतीचं इंजिन टाकून देतो. चहा पाजून वाटेला लावजो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी आहे ती. १०८९ सीसीचं इंजिन, ढकललं तर अजूनही चालू होते. तिच्या आधीची डुक्कर फियाट पाहायले आम्ही पोरं धावत जायचो, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. ते दिवस गेले. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही संपल्या, अन् तेव्हापासून ज्याले त्याले घरातली पद्मिनी आठवू लागली.

डॅशबोर्डवर तुझ्या आजीनं गजानन महाराजांची मूर्ती चिकटवली होती. मूर्ती देवघरात आहे, गोंदाचा पिवळा गोल डाग तिथंच आहे. तो घासू नोको. आपल्या कालंका देवीच्या देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे, त्यावर पॉलिश मारलं असतं तं आज काय वाचलं असतं? क्रोमलेही भांड्याची पावडर अन् चिंच लावू नोको, ओरखडे पडतात. साबणाचं कोमट पाणी, मग पावसाच्या आधी व्हॅसलिनचा पातळ हात.

ताडपत्री झाकू नोको. काळ्या मातीची ओल खालून येते अन् आत कोंडते, मग पाय ठेवायचा पत्रा सडते. मांजरपाटाचं कव्हर शिवून घेजो, अन् पायाखालचं मॅट उचलून खाली बोट फिरवत जाजो. बोटाले तपकिरी भुगा लागला तं त्याच दिवशी पत्रावाला.

२०१९ च्या एप्रिलाआधीच्या गाड्यांले आता नवी हाय सिक्युरिटी पाटी लागते. लावून घेजो. पण हातानं रंगवलेली जुनी पाटी दुकानातून परत मागजो अन् ओसरीत टांगजो. ‘३’चं शेपूट असं लांबवणारा पेंटर आता नाही.

अकोल्याले चक्कर मारत जाजो. मे महिन्यात बंद पडली तं घाबरू नोको. पेट्रोल पंप इंजिनले चिकटून आहे, उन्हानं पेट्रोलची वाफ होते अन् पंप ओढत नाही. फडकं ओलं करून पंपावर ठेवजो, दहा मिनिटं झाडाखाली बसजो. म्हणून फडकं अन् पाण्याची बाटली कायम गाडीत पाहिजे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते जुन्या रबरी पाइपले सोसत नाही. पाइप बदलून घेजो, पण जुना फेकू नोको. पुढच्या खेपेले मापाले लागते.