वाट पुसावी, विवेक राखावा

संकटकाळी मनुष्यास दोन प्रकारच्या माणसांची गरज भासते : एक धीर देणारा आणि दुसरा वाट दाखविणारा. ख्रिस्ती धर्मात अशा मार्गदर्शनास प्राचीन काळापासून मान आहे. जो सल्ला ऐकतो तो शहाणा, असे नीतिसूत्रांचा ग्रंथ सांगतो; ज्यास ज्ञान उणे वाटते त्याने ते देवाजवळ मागावे, असे याकोबाचे पत्र सांगते. परंतु वाट दाखविणारा एक सांगतो आणि आपला विवेक दुसरेच सांगतो, अशा वेळी काय करावे? पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचा उलगडा होतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील व वडील बहीण निवर्तली. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरी तान्ही मनोरमा, आणि वय अवघे चोवीस! अशा स्थितीत पुण्यास आलेल्या रमाबाईंची फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी भेट झाली. शास्त्रीबोवांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास आरंभिला होता तो त्याचे खंडन करण्यासाठी. पुढे १८४८ साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. शंका म्हणजे काय हे त्यांनी अनुभवले होते, म्हणूनच रमाबाईंच्या शंकांना ते शांतपणे उत्तरे देत. रमाबाई इंग्लंडला गेल्यावरही त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

१८८३ साली वाँटेज येथील जोगिणींच्या मठात रमाबाई राहिल्या व त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु इंग्लंडला गेल्या म्हणून दुःख सरले नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी शिकण्याचा बेतही सोडावा लागला.

त्याच मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्यावर रमाबाईंचा फार लोभ. पत्रात त्या त्यांना 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंची अपेक्षा अशी, की नवदीक्षिताने चर्चची शिकवण श्रद्धेने स्वीकारावी. रमाबाई मात्र त्रैक्याच्या सिद्धांताविषयी प्रश्न विचारीत. जेराल्डीनबाईंना त्यात अहंकार दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे, की मोठ्या प्रयासाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडविली, ती दुसऱ्याच्या जोखडात कशी घालावी? चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी निराळी रीत धरली. प्रश्न दडपले तर श्रद्धा वाढत नाही, हे ओळखून त्या रमाबाईंशी विचारविनिमय करीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मतभेद झाला म्हणून रमाबाईंनी आजीबाईंशी नाते तोडले नाही, आणि नाते टिकावे म्हणून न पटलेले पटले असेही म्हटले नाही. आजीबाईंचाही मोठेपणा असा, की स्वतःविरुद्ध तीव्र शब्द असलेली पत्रेसुद्धा त्यांनी जपून ठेवली. तो पत्रसंग्रह १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, म्हणूनच हा संवाद आज आपणांस वाचावयास मिळतो.

रमाबाईंच्या मनाला खरी शांती लाभली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. आपल्याला आधी धर्म सापडला, ख्रिस्त मागाहून, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. दरम्यान १८८९ साली मुंबईस त्यांनी शारदा सदन स्थापिले होते. पुढे केडगावी मुक्ती सदन उभे राहिले व शेकडो निराधार स्त्रियांना आश्रय मिळाला. ज्या बाईने स्वतः वाट पुसली, तीच इतरांची वाटाडी झाली.

विद्यार्थिमित्रांनो, यावरून तीन गोष्टी शिकाव्या. दुःखात एकट्याने कुढत बसू नये, जाणत्याकडे जावे. जाणता तो, जो आपली शंका ऐकून घेतो आणि तिचा राग मानीत नाही. आणि सल्ला कितीही मोठ्याचा असो, तो आचरणात आणण्यापूर्वी आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या कसोटीवर लावून पाहावा. वाट दुसरा दाखवील. चालावयाचे मात्र आपल्यालाच असते.