अद्भुतरम्य कादंबरीची नायिका : नाव तिचे, कथा कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे एक युग होऊन गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. दोन्ही कादंबऱ्यांना नायिकेचेच नाव आहे. म्हणून या वाङ्मयात स्त्रीला मानाचे स्थान आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नाव तिचे असले तरी कथा तिची आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या परंपरेतील कथानकांचा साचा ठरलेला असे. राजवाडे, घोर अरण्ये, भुयारे, कारस्थाने, तलवारी आणि रक्तपात यांची त्यात रेलचेल. नायिका रूपवती व सुशील. कोणी दुष्ट तिची अभिलाषा धरतो, तिची प्रियजनांपासून ताटातूट होते, आणि अनेक संकटांनंतर शेवट गोड होतो. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नायकावर संकट येते ते त्याचा पराक्रम दिसावा म्हणून. नायिकेवर येते ते तिचे शील पारखले जावे म्हणून. तो लढतो, ती सोसते. तिला काय हवे आहे, हे तिला क्वचितच कोणी विचारतो.

अर्थात, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या काळी बाईचे जग माजघरात संपत होते, त्या काळी ही नायिका निदान उंबरठ्याबाहेर पडली. तिला रानवाटा दिसल्या, परकी माणसे भेटली. हे थोडे नव्हे. मात्र ती बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर पडत नाही. परिस्थिती तिला बाहेर ओढते.

असे का झाले? ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी याचे मोठे बोलके कारण दिले आहे. आपल्याकडील विवाहाच्या चाली व इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्याचा आशय आहे. पण खरोखरच घरात काही घडत नव्हते काय? बाबा पदमनजींनी १८५७ सालीच ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचे हाल मांडले होते. पुढे १८९३ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ पुस्तकरूपाने आली. तीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तेथे अरण्य नाही, भुयार नाही, बाहेरून आलेला राक्षस नाही. पती वारल्यावर घरचीच माणसे बळजबरीने तिचे केशवपन करवितात. तलवारीपेक्षा हा वस्तरा वाचकाला अधिक भेडसावतो. अद्भुताने हिंसा दूर रानात नेऊन ठेवली. हरिभाऊंनी ती घरात दाखविली.

हा प्रश्न एका स्त्रीनेही विचारला होता. १८८१ साली सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून सडेतोड उत्तर दिले. तत्कालीन पुस्तकांत रंगविलेल्या स्त्रियांचाही त्यांनी समाचार घेतला. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू उचलून धरली. तरी हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले.

आज रक्तपाताच्या अद्भुत कथा आपण मोबाईलवर पाहतो. साधने बदलली, साचा पुष्कळसा तोच राहिला. आमच्या पूर्णा गावच्या गोदामांत माल येतो, चढतो, उतरतो, पुढे जातो. मालाला कोणी विचारीत नाही, कारण तो माल आहे. कथेतील नायिकाही अशीच दुष्टाच्या हातून नायकाच्या हाती पोहोचत असेल, तर तिला पात्र कसे म्हणावे? त्याच गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या बाया पहाटे स्वयंपाक उरकून निघतात आणि अंधार पडल्यावर एकमेकींच्या सोबतीने घरी येतात. त्यांना रोज भीती वाटते आणि रोज त्या निर्णय घेतात. असे धैर्य अद्भुत कथेतल्या नायिकेला का मिळू नये?

कथेत हिंसा असू नये, असे माझे म्हणणे नाही. महाभारतातही ती आहे. पण भरसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि सभा निरुत्तर होते. नायिकेवर संकट जरूर यावे. मात्र त्या संकटात तिला बोलता आले पाहिजे, आणि तिच्या बोलण्याने कथेची वाट बदलली पाहिजे. पुस्तक कोणत्याही काळचे असो, ते वाचताना आपण एवढी एक कसोटी लावून पाहावी.