गावरान आंब्याचे गोत्र

हापूसच्या बागेतील सारी झाडे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकच असतात, कारण ती कलमाने वाढवितात. त्यामुळे चव हमखास. पण फळात साका होण्याचा दोषही सगळीकडे सारखाच. गावरान आंब्याचे तसे नाही. तो कोयीपासून उगवतो आणि परपरागीकरणामुळे प्रत्येक कोयीत गुणांची नवी मिसळ उतरते. म्हणून तर दारव्ह्याकडील आमच्या आमराईत शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या (याला खरेच शेपूचा वास येतो!) अशी झाडागणिक नावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम व हापूस यांच्या संकरातून साका नसलेली 'रत्ना' ही जात काढली. अशा कामाला निराळ्या गुणांची झाडेच लागतात. आमचा खोबऱ्या मात्र गेल्या वर्षी आरागिरणीत गेला. त्याचे कलम कोणी बांधलेले नव्हते.