‘नस दुखते’ या तक्रारीविषयी : कंडरांचे विकार आणि नागीण

आमच्या बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही चाळताना एक नोंद पानोपानी आढळते, ती म्हणजे ‘नस दुखणे’. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात, जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीनंतर आणि पुढे कापणीच्या दिवसांत तर ती विशेष वाढते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हे. परंतु एकाच शीर्षाखाली भिन्न रकमा जमा होऊ लागल्या की हिशेब चुकतो, एवढे आम्हांस निश्चित कळते. ‘नस दुखणे’ या शीर्षाखाली नेमके तेच घडत होते, आणि त्याची किंमत एका वृद्ध भगिनीस मोजावी लागली. म्हणून रुग्णालयातील डॉक्टरांशी चर्चा करून हा विषय सुज्ञ वाचकांपुढे मांडत आहोत.

आपल्या भाषेत ‘नस’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. रक्त वाहून नेणारी ती एक. मेंदू आणि मज्जारज्जूपासून संवेदना नेणारी-आणणारी चेतातंतूंची जुडी ती दुसरी. आणि स्नायूला हाडाशी बांधणारा दोरीसारखा चिवट पांढरा पट्टा ती तिसरी. या तिसरीचे शास्त्रीय नाव कंडरा. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती जाड दोरी म्हणजे शरीरातील सर्वांत बळकट कंडरा होय.

कंडरेचे दुखणे हे प्रामुख्याने कष्टाचे दुखणे आहे. तेंदूपत्त्याचा हिशेब आमच्या भागात सर्वांना पाठ असतो : 70 पानांचे एक पुडके, 1,000 पुडक्यांची एक प्रमाणित गोणी. म्हणजे एका गोणीमागे 70,000 पाने मजुरांच्या हातांखालून जातात, तोडली जातात, जुळवली जातात, बांधली जातात. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर उठणारी कळ हे त्याचे एक फळ. या विकाराचे वर्णन स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्व्हें यांनी 1895 मध्ये केले होते. कुऱ्हाड चालविणाऱ्याचा कोपर बाहेरच्या बाजूने दुखतो. त्यास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, जरी आमच्या तालुक्यातील बहुतेक रुग्णांनी टेनिसची बॅट कधी पाहिलेली नसते. डोक्यावर भारे वाहणाऱ्यांचा व हात उंचावून काम करणाऱ्यांचा खांदा धरतो. अशा दुखण्याची खूण एकच : ठरावीक हालचाल केली की कळ येते, विसावा दिला की ती उतरते. काही आठवडे भार कमी करणे, नंतर क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम आणि धीर, हेच त्यावरचे मुख्य उपचार. (तरुण रुग्ण हाडे दुखतात म्हणत असेल तर आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी आधी करावी, असे आमचे डॉक्टर आवर्जून सांगतात.)

नागिणीचे दुखणे मात्र दुसऱ्या नसेचे, म्हणजे चेतातंतूंचे आहे. बालपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती खालावली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूस जाते, म्हणून फोडांचा पट्टा बहुधा एकाच बाजूस उठतो व मध्यरेषेशी थांबतो. ‘नागिणीची तोंडे जुळली की माणूस दगावतो’ ही समजूत त्यामुळे निराधार ठरते. नागीण उतरविणाऱ्यांच्या कीर्तीचे रहस्यही यातच आहे : तोंडे न जुळण्याचे श्रेय त्यांना मिळते, आणि फोड तर दोन ते चार आठवड्यांत आपोआपच सुकतात.

हे सर्व सिद्ध करण्यात इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावच्या एका सामान्य डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्याविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो, कारण त्यांचे साधन नोंदवही हेच होते. डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी 1947 ते 1962 अशी 16 वर्षे आपल्या रुग्णांतील नागिणीची प्रत्येक नोंद ठेवली. एकूण 192 रुग्ण झाले. त्यावरून 1965 मध्ये त्यांनी दाखवून दिले की नागीण बाहेरून येत नाही, ती आतल्या जुन्या कांजिण्यांची पुनरावृत्ती आहे, आणि वयाबरोबर तिचे प्रमाण वाढत जाते. पंच्याऐंशी वर्षे जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती कधी ना कधी होईल, असा त्यांचा अंदाज होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या दोन वेगळ्या ‘नसा’ दोन ठिकाणी एकमेकींस भेटतात.

पहिली भेट निदानात होते. नागिणीचे फोड उठण्याच्या दोन-तीन दिवस आधी, कधी त्याहूनही आधी, त्या जागी जळजळ व ठणका सुरू होतो. त्या वेळी त्वचा स्वच्छ असते. मानेतून निघणारी नस असेल तर दुखणे खांद्यात आणि दंडात जाणवते; क्वचित हात उचलण्याची शक्तीही कमी होते आणि कंडरा तुटल्याचा भास होतो.

दुसरी भेट औषधात होते, आणि आमच्या मते ती अधिक चिंतेची आहे. मनगट वा खांदा दुखतो म्हणून आठवडी बाजारातून किंवा पदवी नसलेल्या उपचारकाकडून आणलेल्या पुडीतील गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. आराम तत्काळ मिळतो, म्हणून ती महिनोन्महिने घेतली जाते. त्यामुळे प्रतिकारशक्ती मंदावून नागिणीचा धोका वाढतो, रक्तातील साखर वाढते, आणि ज्या कंडरेसाठी गोळी घेतली ती कंडराच दुबळी होते. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन गटातील प्रतिजैविकाची भर पडल्यास टाचेची कंडरा तुटण्याचा धोका वृद्धांत आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये याविषयी ठळक इशारा दिला होता. डॉक्टरांनी तपासून कंडरेच्या आवरणात दिलेले एखादे इंजेक्शन आणि या पुड्या यांना एकाच मापाने मोजू नये. तसेच, अनेक महिने घेतलेली गोळी घाबरून एकाएकी बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

आरंभी उल्लेखिलेल्या भगिनी साठीच्या होत्या, मधुमेही होत्या. “बाई, खांद्याची नस दुखून राहिली,” असे त्यांनी नोंदणीच्या खिडकीवर सांगितले आणि आमच्या लिपिकाने तसेच लिहिले. हंगाम तेंदूपत्त्याचा होता. दिवसभरात शंभरावर रुग्ण. खांद्याचे दुखणे समजून मलम व व्यायाम देऊन त्यांना परत पाठविण्यात आले. रात्री विसाव्यातही ठणका थांबत नाही, पदराचा स्पर्शही सोसवत नाही, हे त्यांना कोणी विचारले नाही. त्या मनगटासाठी चार महिने पांढरी गोळी घेत होत्या, हेही कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी फोड आले. घरच्यांनी गेरू लावून त्यांना नागीण उतरविणाऱ्याकडे नेले. आमच्याकडे त्या परत आल्या तेव्हा आठवडा उलटून गेला होता. विषाणूविरोधी असायक्लोव्हिर हे औषध फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. प्रौढांस 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, अशी त्याची नेहमीची मात्रा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर ती कमी करतात. त्यांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. फोड गेले, ठणका राहिला. दिवाळीपर्यंत त्यांना उजव्या कुशीवर झोपता आले नाही. ही चूक आमची होती आणि ती अहवालात नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्यानंतर केसपेपरवर ‘नस दुखणे’ असे लिहिणे बंद करण्यात आले. त्याऐवजी तीन प्रश्न छापून घेतले आहेत : दुखणे हालचालीने वाढते की विसाव्यातही राहते, त्या जागी कपड्याचा स्पर्श झोंबतो काय, गेल्या सहा महिन्यांत कोणकोणत्या गोळ्या घेतल्या. पुडी सोबत आणावी, असा फलक खिडकीवर लावला आहे. खांदा वा पाठ एका बाजूने दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाची त्वचा आडोशाला उघडून पाहण्याची जबाबदारी परिचारिकेवर सोपविली आहे, आणि रुग्णास परत पाठविताना ‘पुरळ दिसले तर त्याच दिवशी या’ असे तोंडी सांगितले जाते. डोळ्याभोवती, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असल्यास दृष्टीस धोका संभवतो. अशा रुग्णास विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले जाते. फोड ओले असेतो कांजिण्या न आलेली गर्भवती व तान्हे मूल यांना रुग्णापासून दूर ठेवावे, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते.

प्रतिबंधक लसीविषयी देणगीदार विचारतात. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रांत द्यावयाची नवी लस भारतात 2023 पासून मिळू लागली आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढील व्यक्तींत तिची परिणामकारकता 97 टक्क्यांच्या आसपास आढळली. शासकीय लसीकरण कार्यक्रमात मात्र ती नाही, आणि दोन मात्रांचा खर्च तेंदूपत्ता मजुराच्या संपूर्ण हंगामाच्या कमाईस गिळून टाकील इतका आहे. असायक्लोव्हिरचा सात दिवसांचा संच त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही आधी त्याचीच मागणी ठेवली असून, औषधभांडारात त्याचे संच बारमाही शिल्लक राहतील अशी तरतूद येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सुचविली आहे.